6,872 कोटी तुकडे आणि एक टाकं

रायगडला निघालेला माणूस मोबाइलवर नकाशा उघडतो, दोन बोटांनी मोठा करतो आणि पाचाडचा रस्ता सापडला की पुढे लागतो. त्या दोन बोटांखाली केवढा पसारा आहे!

वेबवरच्या नकाशाचा रुळलेला हिशेब असा. सगळ्यात लांबून पाहिलं की अख्खं जग 256 बाय 256 पिक्सेलच्या एका चौकोनी तुकड्यात मावतं. एक पायरी जवळ गेलं की त्याचे 4 तुकडे, मग 16, मग 64. दहाव्या पायरीला 10,48,576. अठराव्या पायरीला घरं सुटी दिसू लागतात. रायगडावर तिथल्या एका तुकड्याची बाजू जमिनीवर साधारण 145 मीटर भरते. जगाचे असे तुकडे होतात 68,71,94,76,736. एकेक तुकडा एकेक सेकंद, झोपजेवण सोडून पाहायचा म्हटला तर जवळपास 2,177 वर्षं लागतील. भाज्याची लेणी कोरली जात होती त्या काळी कुणी सुरुवात केली असती, तर तो आता कुठे शेवटाकडे आला असता.

मोबाइलचा पडदा भरायला यातले वीसेक पुरतात. नेमके कोणते, ते अक्षांश-रेखांशांवरून क्षणात काढता येतं. 2005 साली आलेल्या गूगल मॅप्समुळे ही पद्धत घरोघरी पोचली. आता बरेच नकाशे चित्राऐवजी रेषा-बिंदूंची माहिती पाठवतात, पण चौपटीचा हिशेब तोच.

मला मात्र एक लहान आकडा जास्त थक्क करतो. 2004 पासून जगभरचे लोक ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा खुला नकाशा भरताहेत. त्यात प्रत्येक बिंदूची जागा दशांशचिन्हापुढे 7 अंकांपर्यंत नोंदवता येते, म्हणजे जमिनीवर साधारण 1 सेंटिमीटर! एवढ्या बारकाईत गडावरचं टाकं सहज बसतं. त्याचं पाणी पिण्याजोगं आहे का, ते बारमाही आहे का, याच्याही नोंदींची सोय आहे.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यांतला साल्हेर चढणाऱ्याला पाणी आणि उतरायची वाट हवी असते. तुकडे यंत्र पाडतं, पण कुठलं टाकं चैत्रात आटतं हे पायथ्याच्या गावालाच ठाऊक. त्या नोंदीला लागतं एक मोफत खातं. येत्या उन्हाळ्याआधी निदान या 12 किल्ल्यांची टाकी तरी, पाण्याच्या खऱ्या माहितीसकट, नकाशावर यायला हवीत.