किटली, कप आणि चार मिनिटं

हॉटेलच्या खोलीत टेबलावर इलेक्ट्रिक किटली, दोन कप, चमचा आणि इन्स्टंट कॉफीच्या पुड्या असतात. पुड्या बाजूला ठेवा. आता जे उरलं, तेवढ्यावरच जगभरचे पारखी कॉफीची प्रत ठरवतात! चिकमगळूरचा दाणा असो वा इथिओपियाचा, ‘कपिंग’ नावाच्या या परीक्षेत ना यंत्र लागतं, ना गाळणी.

घरून निघताना चिकोरी नसलेली, रवाळ दळलेली ताजी कॉफी 9-9 ग्रॅमच्या पुड्यांत बांधून घ्या. कपात एक पुडी टाका. किटली बंद झाली की अर्धं मिनिट थांबा आणि सुमारे 150 मिलिलिटर पाणी ओता. पूड फुगून वर येते. भाजताना दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड आता बाहेर पडतो आहे. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा. त्या क्षणी जो दरवळ उठतो, त्यात शेकडो रसायनं असतात! पूड तळाशी बसते, फेस काढून टाकायचा, झालं.

चारच मिनिटं का? भाजलेल्या दाण्याचा जेमतेम 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, आणि चवदार कपात पुडीच्या एकूण वजनाच्या 18 ते 22 टक्केच उतरलेला बरा. आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, कडवटपणा मागाहून. पूड कमी वेळ भिजली तर कॉफी आंबट-पाणचट, पूड फार बारीक असली किंवा फार ढवळली तर कडू.

गावाची उंचीही कपात उतरते. मुंबईत पाणी 100 अंशांना उकळतं, महाबळेश्वरला 95च्या आसपास. तिथे थांबायची गरजच नाही. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ते सुमारे 88 अंशांनाच उकळतं. कितीही उकळा, पाणी त्याहून तापत नाही! तिथे पूड थोडी बारीक हवी आणि वेळ थोडा जास्त.

कप लगेच संपवू नका. कॉफी निवत जाते तशा तिच्यातल्या आंबट-गोड छटा स्पष्ट होतात, म्हणून पारखी तोच कप पुन्हा पुन्हा चाखतात. दूध-साखर हवी असेल तर जरूर घाला, पण दोन-चार घोटांनंतर. दाण्याने मळ्यातून काय आणलंय, ते आधी जिभेला कळू द्या.