नाव तेच, रंग वेगळा

जलरंगात काम करणाऱ्यांनो, ‘क्विनाक्रिडोन गोल्ड’ची नवी ट्यूब घेताना पिगमेंट कोड जरूर वाचा. मूळ सोनेरी रंग पीओ ४९ या एकाच पिगमेंटचा. ते बनायचं मुख्यतः मोटारींच्या रंगासाठी. तिथली मागणी आटली आणि उत्पादन थांबलं. डॅनियल स्मिथ या रंगकंपनीने उरलेला साठा घेऊन तो बरीच वर्षं पुरवला, मग पीओ ४८ आणि पीवाय १५० यांचं मिश्रण आणलं. विन्सर अँड न्यूटनचं मिश्रण आणखी निराळं.

मिश्रणही देखणं आहे, पण जुन्याची जागा ते घेत नाही, असं माझं स्पष्ट मत. जुन्या-नव्या रंगाच्या पट्ट्या शेजारी ओढा, दोन्हींत तोच निळा मिसळून हिरवा तपासा. अर्धवट चित्रमालिकेसाठी जुनी ट्यूब राखून ठेवा.