टोळाच्या पंखातले रबर आणि आपली टाच

मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरली. आपल्या हिंगोलीहून वाशिम ओलांडले की अमरावतीच. वाळवंटी टोळ वजनाने जेमतेम २ ग्रॅमचा. पण वाऱ्याची साथ मिळाली तर धाड दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत जाते. एवढ्याशा जिवाला हे झेपते कसे?

टोळ सेकंदाला साधारण २० वेळा पंख हलवतो. प्रत्येक वेळी पंख वर जाऊन थांबतो आणि खाली येऊन थांबतो. म्हणजे सेकंदाला ४० वेळा ब्रेक! गावोगाव थांबणाऱ्या एसटीला डिझेल जास्त लागते, तशी टोळाचीही शक्ती वाया जायला हवी. पण त्याच्या पंखांच्या सांध्यांत रबरासारखे एक प्रथिन असते. पंख थांबताना ते ताणले जाते आणि उलट फिरताना साठवलेली ऊर्जा परत देते, अगदी गलोलीच्या रबरासारखे. छातीचे कवच आणि स्नायूही यात वाटा उचलतात. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फो यांनी १९६० मध्ये या प्रथिनाचे वर्णन केले. त्याचे नाव रेझिलिन. साठवलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९७ टक्के ते परत करते.

अशीच सोय आपल्या पायातही आहे. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, म्हणजे कंडरा, पाऊल टेकताना ताणली जाते आणि उचलताना आकसून आपल्याला पुढे ढकलते. तीही सुमारे ९० टक्के ऊर्जा परत देते. नर्सी नामदेवहून पंढरीला पायी निघालेल्या वारकऱ्याचे कितीतरी श्रम ही दोरी वाचवते.

मात्र या दोरीला रक्तपुरवठा कमी असतो. ती दुखावली तर भरून यायला महिने लागतात. म्हणून पन्नाशीनंतर एकदम धावायला लागू नका. चालणे हळूहळू वाढवा. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या, हा साधा व्यायाम उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन या गटातील गोळ्यांनी क्वचित ही कंडरा सुजते, तुटतेही. साठीनंतर आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत हा धोका वाढतो. त्यामुळे जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. डॉक्टरांनी दिल्या असतील आणि टाचेच्या वर दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी त्यांना दाखवा.

चालताना मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले, ‘कट्’ असा आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर पाय मुरगळला समजून तेल चोळत बसू नका. कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात या. वेळेत उपचार झाले तर पाय पुन्हा चांगला चालू लागतो.