‘इंटरनॅशनल’ डान्स स्पर्धेत निवड झाली? पैसे भरण्याआधी हे वाचा

वर्धा : शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला की काही घरी मेसेज येतो, ‘अभिनंदन! तुमच्या मुलीची इंटरनॅशनल डान्स स्पर्धेसाठी निवड झाली. आजच पैसे भरा.’ मलाही आला. कापूस नुकताच विकला होता, पोरगी आनंदानं नाचून राहिली होती. पण म्हटलं, खरी स्पर्धा कशी असते ते आधी पाहू.

खरं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वसई-नालासोपारा भागातल्या साध्या घरच्या पोरांचा ‘द किंग्ज’ ग्रुप. सुरेश मुकुंद यांचा हा ग्रुप आधी देशातल्या टीव्ही स्पर्धांत उतरला. २०१५ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक मिळालं. २०१९ मध्ये त्यांनी अमेरिकेतलीच ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकली. बक्षीस १० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७ कोटी रुपये.

या स्पर्धेत हिपहॉप, बॅले, लॅटिन असे सगळे प्रकार चालायचे. मग तुलना कशी? सादरीकरण, तंत्र, नृत्यरचना, कल्पकता आणि मांडणी अशा पाच गोष्टींना प्रत्येकी २० गुण असायचे. अंतिम फेरीत तिन्ही परीक्षकांनी किंग्जला १०० पैकी १०० दिले.

म्हणजे खऱ्या स्पर्धेत आधी चाचणी, मग फेऱ्या, गुणांचे नियम उघड. नोंदणी फी तिथंही असू शकते. म्हणून मेसेज आला तर एवढं विचारा :

• चाचणी न घेता निवड कुणी केली?
• परीक्षक कोण, गुण कसे देणार?
• फीत प्रवास, राहणं, जेवण धरलं आहे का? पक्की पावती मिळेल का?
• स्पर्धा रद्द झाली तर पैसे परत मिळतील का?
• मागच्या वर्षी कोण जिंकलं, त्यांच्याशी बोलता येईल का?

ओटीपी कुणालाच देऊ नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मी हेच प्रश्न पाठवले. उत्तर आलं नाही, नंबर ब्लॉक झाला.

पोरांना मंच हवाच. १५ ते २९ वयोगटासाठी युवा महोत्सव असतो, त्यात समूह लोकनृत्यही असतं. वर्ध्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात तारीख विचारून ठेवा. आपली दंडार, लेझीम तिथं चालते. माझी पोरगी अजून लहान आहे, पण सराव तिनं सोडला नाही.