चिखलात रुतलेली पोरं

गोबी वाळवंटात आज पाण्याचा थेंब मिळायची मारामार. पण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी इनर मंगोलियातल्या या भागात एक तळं आटत चाललं होतं, आणि त्याच्या काठच्या गाळात डायनासोरांचा एक कळप रुतला. लांब मान, दात नसलेली चोच, पळण्यासाठी घडलेले लांबसडक पाय. सायनॉर्निथोमायमस हे त्यांचं नाव.

२००१ साली पॉल सेरेनो आणि तान लिन यांच्या चमूने इथे खोदकाम केलं. सांगाडे आडवे पसरलेले, मागचे पाय मात्र खाली गाळात खोल घुसलेले. दोन सांगाडे तर एकावर एक. कमरेची हाडं तेवढी गायब होती. अंगावरचं सगळ्यात मांसल तेच. मढ्यांवर ताव मारणाऱ्या कुणीतरी ती लांबवली असावीत. मरण सावकाश आलं असणार.

झाडाच्या खोडासारखी हाडांतही वाढीची वलयं असतात. ती मोजल्यावर कळलं की कळपातले सगळे एक ते सात वर्षांचे. पूर्ण वाढलेलं एकही नाही, अंड्यातून नुकतं बाहेर आलेलंही नाही. मोठी मंडळी घरटी आणि अंडी सांभाळण्यात गुंतली असताना ही पोरं आपापली टोळी करून हिंडत असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. नुसता अपघात एवढी नेमकी निवड करत नाही. सांगाड्यांच्या पोटात खड्यांचे पुंजके सापडले. चोचीने ओरबाडलेला पाला दळायचं काम या खड्यांचं. म्हणजे जेवणाची रीत थोरांचीच.

या कुळाला आधी दात होते. स्पेनमधल्या पेलेकॅनिमायमसच्या तोंडात तर सुमारे २२० बारीक दात! पुढे ते गेले आणि चोच आली. लांब मान, चोच, लांब पाय हे सगळं शहामृगासारखं दिसतं, तरीही शहामृग काही यांचा वंशज नव्हे. मोकळ्या रानात पळायचं म्हटलं की शरीर साधारण याच वळणावर जातं, इतकंच. शहामृगाच्या पायाला दोन बोटं, यांना तीन.

कॅनडातल्या अल्बर्टामधून २०१२ साली यांच्याच नात्यातल्या ऑर्निथोमायमसचे पिसांसह जीवाश्म प्रसिद्ध झाले. पिल्लाच्या अंगावर फक्त तंतूंची लव, तर प्रौढाच्या हातांवर मोठ्या पिसांच्या दांड्यांसारख्या खुणा. या प्राण्याला उडता येणं शक्यच नव्हतं. मग वयात आल्यावरच पंख कशाला? डॅर्ला झेलेनित्स्की आणि सहकाऱ्यांच्या मते जोडीदाराला भुलवायला किंवा अंडी उबवायला. तसं असेल तर पंख आधी संसारासाठी आले, उड्डाणाला ते पुढे उपयोगी पडले.