अ‍ॅरिझोनाचं दगडी रान : ऐकीव आणि खरं

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, होलब्रुक गावाजवळ 'पेट्रिफाइड फॉरेस्ट' नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, की तिथे दगडाची झाडं फांद्या पसरून उभी असतील. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी आडवी आहेत, तीही तुकड्यातुकड्यांनी. उघड्या माळावर लाल, पिवळे, जांभळट, काळे ओंडके वखारीतल्या मालासारखे विखुरलेले दिसतात.

त्यांतली बहुतेक झाडं त्या जागी वाढलीही नव्हती. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या पुरांनी हे प्रचंड सूचिपर्णी वृक्ष वाहून आणले आणि गाळात गाडले. तेव्हा तिथे वाळवंट नव्हतं. तो भूभाग विषुववृत्ताच्या जवळ होता. दलदल होती, मगरीसारखे मोठे सरीसृप होते आणि आकाराने लहान असे सुरुवातीचे डायनोसॉर होते. रखरखाट फार नंतरचा. त्यामुळे 'उन्हाने लाकूड वाळून दगड झालं' ही समजूत अगदी उलटी आहे. दगड केला तो पाण्याने. गाळाखाली हवा पोहोचली नाही म्हणून लाकूड कुजलं नाही. गाळातल्या ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका भूजलात विरघळली, लाकडात झिरपली आणि तिची गारगोटी झाली. लोहामुळे तांबडा-पिवळा रंग आला, मँगनीजमुळे जांभळा-काळा. आपल्या गडचिरोलीत, सिरोंचा परिसरात अशीच अश्मीभूत खोडं सापडली आहेत, आणि तिथे तर आज जंगल आहे.

ओंडक्यांचे काप इतके सरळ आहेत, की कुणीतरी करवत चालवली असावी अशी शंका येतेच. पण गारगोटी कठीण असली तरी ठिसूळ असते. कोलोरॅडोचं पठार उचललं जात असताना जमिनीत गाडलेल्या या लांबलचक खोडांवर ताण आला आणि ती आडवी तडकली. साध्या करवतीचं इथे काही चालत नाही; हिऱ्याचं पातं लागतं.

सगळ्यात चिवट गैरसमज चोरीचा आहे. पर्यटक दरवर्षी टनावारी दगड पळवतात, लवकरच उद्यान रिकामं होणार, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. रॉबर्ट सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या पायवाटांवर खुणेचे तुकडे ठेवून पाट्यांची परीक्षा घेतली. 'आजवर अनेकांनी दगड नेले' असं सांगणारी पाटी होती तिथे सुमारे ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' एवढंच म्हणणारी होती तिथे २ टक्क्यांहून कमी. सगळेच नेतात म्हटल्यावर आपणच का मागे राहायचं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको! पुढे जुनी छायाचित्रं घेऊन त्याच जागा पुन्हा पाहिल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फारसा फरक आढळला नाही.

खरी लूट झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आतल्या स्फटिकांसाठी ओंडके सुरुंगाने फोडले गेले. भरडून घासकामाची पूड करायचा घाटही घातला गेला. स्थानिक लोक त्यामुळेच जागे झाले. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली आणि १९६२ मध्ये तिचं राष्ट्रीय उद्यान झालं.

चोरलेला दगड शाप देतो, अशीही दंतकथा आहे. नोकरी गेली, घटस्फोट झाला, आजारपण आलं, असं लिहून लोक टपालाने दगड परत पाठवतात. संसार मोडल्याचं खापर गारगोटीवर फोडणं सोयीचं असेल, पण परत केलं म्हणजे भरपाई झाली हे काही खरं नाही. नेमक्या कोणत्या थरातून, कोणत्या जागेवरून तुकडा उचलला हे कळत नसल्याने तो मूळ जागी ठेवता येत नाही. ठेवला तर अभ्यासकांची दिशाभूल होईल. असे दगड एका बाजूला ढिगात टाकले जातात. तिथले कर्मचारी त्याला विवेकाचा ढीग म्हणतात.

होलब्रुकच्या दुकानांत हेच दगड उघड विकायला ठेवलेले पाहून काहींना वाटतं, हा चोरीचा माल. तसंही नाही. ते थर उद्यानाच्या हद्दीबाहेरही पसरलेले आहेत आणि खासगी जमिनीतून मालकाच्या परवानगीने काढलेलं लाकूड विकायला कायद्याची आडकाठी नाही. उद्यानातली मात्र नखाएवढी कपचीही उचलता येत नाही.