बिअर्डेड ड्रॅगनसाठी घरचा खाऊ: दुबिया झुरळं

ड्रॅगनसाठी दर आठवड्याला रातकिडे विकत आणताय? त्यापेक्षा घरीच दुबियाची पैदास करा. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही झुरळं गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत, मादीला तर नावापुरतेच पंख असतात. आणि रात्रभर किरकिर नाही!

जाळीच्या झाकणाचा मोठा, अपारदर्शक डबा घ्या. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, म्हणजे विष्ठा तळाशी पडते.

खरी किल्ली उष्णता. थंड खोलीत ती जगतात, पण पिल्लं होत नाहीत. डब्यात ३० ते ३३ अंश सेल्सिअस राखा. मादी अंडी पोटातच उबवते आणि एका वेळी साधारण २० ते ३० जिवंत पिल्लं देते. हे पाहताना मी आजही थक्क होते. एका नरामागे ३-४ माद्या पुरे. पिल्लू मोठं व्हायला ४ ते ६ महिने लागतात, तोवर वसाहतीला हात लावू नका. माझी पहिली वसाहत याच घाईत संपली.

गाजर, संत्रं, भरडलेलं धान्य द्या. पाण्याची वाटी नको, पिल्लं बुडतात.

झुरळ ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं नसावं. कॅल्शियमची पूड लावाच, कारण त्यांच्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं.

डबा साफ करताना मास्क घाला. विष्ठेच्या धुळीने दमा बळावतो.